खालून शून्य

७ जुलै २०२५, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. कुणी वाचावं म्हणून नाही. उद्या ऑफिसात विचारलं की ही नवी पद्धत सुरू कुणी केली, तर माझ्याकडे तारीखवार असावं, एवढंच.

ऑफिस म्हणजे पर्वत पाटियाच्या मार्केटातली बिपीनभाई शेठची साड्यांची गादी आणि तिच्यामागची फोटोची खोली. खोलीत दोन कंप्युटर. एकावर मी, बरीच वर्षं. दुसऱ्यावर राखी, गेल्या दिवाळीनंतर आलेली. साडी नेसलेल्या मॉडेलचे फोटो येतात. त्यातले लाइटचे स्टँड, डोक्यावरची फालतू जागा वगैरे कापून टाकायची, मग कॅटलॉगचं पुस्तक छापायला जातं. राखी हे माऊसने करते. फोटो उघडते, बॉक्स ओढते, कापते, पुढचा उघडते. शेठ म्हणतात पोरगी फास्ट आहे. फास्ट तर भाजी चिरणारी बाईसुद्धा असते.

आणि बॉक्स म्हणे. आयत म्हणतात त्याला. एफवाय बीएस्सीपर्यंत शिकलेला माणूस खोलीत बसलाय याची कुणाला जाणीव नाही.

संकल्प: चहा दोनच. तंबाखू बंद. महिन्याभरात शेठला दाखवून द्यायचं.

९ जुलै, बुधवार

सापडलं.

माऊस लागतच नाही. एक काळी खिडकी उघडते, तिच्यात एक ओळ टाइप करायची आणि एंटर. फोल्डरमधले सगळे फोटो एका झटक्यात कापून तयार. आयत सांगायची पद्धतही किती सुंदर: आधी रुंदी, मग उंची, मग अधिकची खूण देऊन आडव्यात किती सोडायचं, परत अधिक देऊन उभ्यात किती सोडायचं. बस. १८००x२७००+३००+० असं लिहिलं की आयत ठरला. मला बघताक्षणी समजलं. काही माणसांना गणित दिसतं, काहींना बॉक्स दिसतो.

इंग्रजी मॅन्युअल उघडलं. सव्वा पान वाचलं. मुद्दा कळल्यावर पुढे कशाला वाचायचं? शेवटपर्यंत मॅन्युअल वाचणाऱ्यांचा स्वतःवर विश्वास नसतो.

चहा चार झाले. कामच तसं होतं.

१३ जुलै, रविवार

गोडादऱ्यात, आमच्या वस्तीत, आज लाइट नव्हती. गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर जमल्या होत्या, म्हणजे मला बसायला जागा नाही.

कारण माझी बायको गायत्री हिची साडी पुरी झाली. शेठच्या रंगोत्सव सिरीजच्या साड्यांना खालच्या काठाला हातकाम पाहिजे होतं. ते तिने आणि शेजारच्या भागीरथीबाईने आणि गल्लीतल्या बाकीच्यांनी केलं. बाजरीची कणसं. दोऱ्याचे दाणे, मधे टिकली, आणि कणीस वाऱ्याने वाकावं तसं सगळं एका बाजूला वाकलेलं. डिझाइन गायत्रीचं स्वतःचं. तिच्या माहेरच्या शेतात बघितलेलं म्हणे. बरं आहे. बायकांच्या मानाने फारच बरं आहे.

शेठने तिला तोंडावर सांगितलंय की पुस्तकात ही बॉर्डर बघून व्यापाऱ्यांच्या ऑर्डर आल्या तर अख्ख्या सीझनचं काम तुझ्या गल्लीला, थेट, मधे कुणी दलाल नाही. तेव्हापासून ती वेगळीच चालते. भागीरथीबाईने तर पोराला सांगून टाकलं की मिलमधली रात्रपाळी सोड. मी म्हटलं, अजून पुस्तक कापलं जायचंय.

गायत्रीने विचारलं, तुम्हीच कापशात ना? खालनी बॉर्डर पुरी दिखी ना?

मी म्हटलं, आता माऊसचं युग संपलं. तिला कळलं नाही, पण ती हसली. पुष्कळ दिवसांनी माझ्याकडे बघून हसली, माझा साडू काशिनाथ याचा विषय न काढता. काशिनाथ हजीऱ्याच्या कारखान्यात परमनंट आहे, कंपनीची बस घ्यायला येते, हेल्मेट घालून जेवायला बसतो की काय कोण जाणे.

मग सगळ्या जणींनी साडी आडवी हातांवर धरली, बॉर्डर खाली लोंबती ठेवून, आणि गायत्रीच्या फोनवर फोटो काढून घेतला. फोटो मी काढला. अँगल माझा.

१७ जुलै, गुरुवार

शूटचे फोटो आले. फोटोग्राफरने डोक्यावर एवढी जागा सोडलीय की वर आणखी एक मॉडेल उभी राहील. कडेला स्टँड. ठीक आहे. वरची जागा उडवायची, खालची बॉर्डर ठेवायची. माझ्या डोक्यात आयत तयार आहे.

आज राखीला सहज समजावून सांगत होतो. शेवटचा आकडा उभ्यातला. तो शून्य ठेवला की जमिनीपासून सुरुवात. ती माऊस न सोडता म्हणाली, झीरो उपरथी गणाय, हेमराजभाई. शून्य वरून मोजतात म्हणे.

वरून! शाळेत ग्राफ पेपरवर शून्य कुठे असतं? खाली, डाव्या कोपऱ्यात. आणि साडीच्या धंद्यात कुणी वरून मोजतं? फॉल खालून. बॉर्डरची उंची खालून. लेस लावायची तर खालून चार बोटं. मार्केटमधला हमालसुद्धा साडीला खालून हात लावून सांगेल बॉर्डर किती आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला एवढी अक्कल असेलच ना.

तिला म्हटलं, तू अजून लहान आहेस. ती म्हणाली, एक फोटो कापून बघा ना मग. सल्ला देण्याची हौस फार.

संकल्प: राखीशी कामापुरतंच बोलायचं.

२२ जुलै, मंगळवार

तरी चाचणी घेतली. तिच्या सांगण्यावरून नव्हे. शास्त्रशुद्ध काम म्हणून.

मॉडेलच्या फोटोला हात कशाला लावा? ब्लाऊज पीसच्या कापडाचा सपाट फोटो होता, सगळीकडे एकच बुट्टी. त्याच्यावर चालवलं. एंटर मारलं, श्वास घ्यायच्या आत कापलं गेलं. उघडून बघितलं. बरोब्बर. बुट्टी जागच्या जागी. वर बुट्टी, खाली बुट्टी, कुठे काही बिघडलेलं नाही.

चाचणी यशस्वी, असं शेठला कळवलं. शेठ फोनवर होते, त्यांनी मान हलवली. याचा अर्थ परवानगी.

२४ जुलै, गुरुवार

इतिहासाचा दिवस. दुपारी जेवणाआधी.

प्रेसवाला दारात बसलेला. शेठ म्हणाले, राखीला दे, ती संध्याकाळपर्यंत करेल. मी म्हटलं, संध्याकाळ कशाला, तुमचा चहा गार होण्याआधी देतो. सगळ्यांसमोर म्हटलं.

राखीने विचारलं, ओरिजिनल साचव्या छे ने? म्हणजे मूळ फोटोंची वेगळी कॉपी ठेवली का. कारण या कामाला दोन कमांड आहेत. एक कापून नवी फाइल बनवते. दुसरीचं नाव मॉग्रिफाय, ती जुन्याच फाइलवर लिहून टाकते, जुनं उरत नाही. मी मॉग्रिफाय घेतली. नवीन फायली बनवायच्या म्हणजे अडगळ. ज्याला आपल्या कामाची खात्री नाही त्याने कॉप्या ठेवाव्या.

एंटर.

झालं. सगळं फोल्डर. चहावर साय यायच्या आत. शेठने माझ्याकडे बघितलं. ज्या नजरेने राखीकडे बघतात त्याच नजरेने. प्रेसवाला पेन ड्राइव्ह घेऊन गेला. मी राखीला वडा पाव विचारला, मोठ्या मनाने. ती डबा घेऊन आली होती.

२५ जुलै, शुक्रवार

सकाळी निवांतपणे दोनचार फोटो उघडून बघितले. चेहरे उत्तम. पदर उत्तम. डोक्यावर थोडी जागा राहिलीय. थोडी म्हणजे बरीच. आधी वाटलं ही कापली जायला हवी होती. मग लक्षात आलं, मॉडेल बुटकी आहे. शिवाय वर शेठचा लोगो टाकायला जागा हवीच ना. प्रेसवाल्याने सांगितलं की टाकला. म्हणजे माझ्याही नकळत मी पुढचा विचार केला होता.

खालचं टोक स्क्रीनवर दिसत नाही. गुडघ्यापर्यंत दिसतं आणि पुढे खाली स्टार्टची पट्टी येते. मॉनिटर जुना, छोटा. बॉर्डर त्या पट्टीच्या खाली गेली असणार. मोठा मॉनिटर मागायचा आहे. किती वर्षं मागतोय.

घरी गायत्रीने विचारलं, दिखस का बॉर्डर? मी म्हटलं, पूर्ण. खालून शून्य सोडलंय. शून्य म्हणजे शून्य.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाई बसणार, आमच्याकडची श्रावणातली देवी. घरात नैवेद्याच्या रोटांची तयारी, दळण, गडबड. मी पायात येतो म्हणून मला सगळ्यांनी एकदा एकदा बाजूला सरकवलं.

गायत्रीला कानबाईची भेट म्हणून काहीतरी द्यावं असं मनात आलं. तिचा तो फोटो, बायका साडी धरून उभ्या आहेत तो. वर पत्रे, वायरी, कुणाची तरी लुंगी वाळत घातलेली. डीपीला ठेवायचा म्हणते आणि वरची ती लुंगी दिसते म्हणून ठेवत नाही. मी फोन ऑफिसला नेला, फोटो कंप्युटरवर घेतला, तोच आयत थोडा मापात बसवून चालवला आणि फोनमध्ये परत टाकला. फोन भरत आलाय, म्हणून जुना फोटो काढून टाकला. नुसती अडगळ.

डीपीच्या गोल चकतीत सगळ्या बायकांचे चेहरे छान बसले. लुंगी गेली. गायत्री खूश. म्हणाली, तुम्हले एवढं तरी येस. हा एवढं तरी शब्द मी दुर्लक्षित करतो.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, आणि अंगावर गायत्रीच्या हातची चिमुकली साडी, सॅम्पलच्या उरलेल्या तुकड्याची, कणसांची बॉर्डर लावून. आख्खी गोडादऱ्याची गल्ली बघायला आली. आई धुरपदाबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, मनी सून करस हाई. मना पोऱ्या पुस्तकमा छापस. एवढी वर्षं आईने माझं नाव असं कुणाला सांगितलं नव्हतं.

भागीरथीबाई कानबाईला म्हणाली की पुस्तक आलं की पहिलं तुझ्यापुढे ठेवू. गायत्रीने हात जोडले तेव्हा डोळे मिटले नव्हते, बॉर्डरकडे बघत होती.

मला बरं वाटलं. का ते लिहीत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

कानबाई विसर्जन. रजा. ऑफिसात माझ्यावाचून काम अडलं असणार.

(राखीला फोन केला. नाही अडलं.)

१९ ऑगस्ट, मंगळवार

पुस्तक आलं. जाड कागद, चकाचक. शेठ नव्हते, मुंबईला होते. मी एक प्रत पिशवीत घालून घरी आणली. बसमध्ये उघडली नाही. म्हटलं गायत्रीने पहिल्यांदा उघडावी. हे मी तिच्यासाठी केलं, हे कुणी लक्षात घेत नाही.

ओट्यावर सगळ्या जमल्या. गायत्रीने हात पुसले, देव्हाऱ्यापुढे पुस्तक ठेवलं, हळद लावली, मग उघडलं.

पहिलं पान उलटलं. दुसरं. तिसरं. मग आईने चष्मा वर करून विचारलं, या बाईना पाय कोठे गयात?

सगळ्यांच्या डोक्यावर भरपूर आकाश आहे. सगळ्या गुडघ्यापाशी संपतात. एकाही पानावर बॉर्डर नाही. एकाही.

मी म्हटलं, प्रेसवाल्याची चूक असणार, कागद कापताना गडबड करतात हे लोक. भागीरथीबाई पानाची खालची कड बोटाने चाचपून बघत होती, जसं काही दुमडून आत गेलंय. मी म्हटलं, पुढच्या पानावर असेल. ती पुढचं पान उघडत गेली, शेवटपर्यंत.

गायत्री उठून आत गेली. भाकरी टाकायला. आज मंगळवार, भाकरीचा वार नाही आमच्याकडे.

२० ऑगस्ट, बुधवार

प्रेसवाल्याला फोनवर झापलं. त्याने मला माझीच फाइल पाठवली. ती मी उघडली नाही. कामात होतो.

राखीला सहज विचारलं की शून्य वरून असतं हे कुठे लिहिलंय. तिने मॅन्युअल उघडून दाखवलं. दुसऱ्याच पानावर. आणि त्याच्याखाली हेही होतं, की खालून मोजायचं असेल तर ओळीत आधी ग्रॅव्हिटी साउथ असं लिहायचं. म्हणजे सोय होती! माझ्यासारखा विचार करणारे लोक जगात आहेत! दोन शब्दांचा प्रश्न होता. याचा मला आधी आनंद झाला, मग झाला नाही.

तिने विचारलं, ओरिजिनल? मी पाणी प्यायला गेलो.

फोटोग्राफरला विचारलं. त्याने कार्ड केव्हाच पुसलंय, त्याच्यावर दुसरीच शूट आहे. साड्या सॅम्पल म्हणून कलकत्त्याला गेल्या. मॉडेल दुसऱ्या गावाला. फोटोग्राफरसुद्धा कॉपी ठेवत नाही. धंद्याची ही अवस्था.

संकल्प: शेठ आले की आपणहून सांगायचं. पुरुषासारखं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शेठ आले. सांगायचं राहिलं. त्यांच्याकडे व्यापारी बसले होते.

२३ ऑगस्ट, शनिवार

शेठनेच बोलावलं. टेबलावर पुस्तक. मी दारातच चपला काढल्या, कधी काढत नाही.

शेठने एक एक पान उलटलं. मग हसले. म्हणाले, आ तो बहु सरस थयुं. फारच छान झालं म्हणे. मला कळेना. मग त्यांनीच समजावलं. इंदूरच्या व्यापाऱ्यांनी पुस्तकातला चेहरा, रंग आणि पदर बघून ऑर्डर दिल्या. जोरात दिल्या. बॉर्डर पुस्तकात नाही, म्हणजे बॉर्डर कुठली द्यायची याचं बंधन नाही. हातकामाची काय गरज? मशीनची लेस लावून टाकायची. कुणी तक्रार करू शकणार नाही, कारण दाखवलंच नाही तर मागणार काय?

पाठीवर थाप मारली. म्हणाले, तारामां बिजनेसनुं मगज छे. म्हणजे मला धंद्याचं डोकं आहे. आणि विचारलं, काय पाहिजे बोल.

मी म्हटलं, मोठा मॉनिटर.

हे लिहिताना हात थांबतो आहे. त्या क्षणी मी गायत्रीचं नाव घ्यायला हवं होतं असं एक मत आहे. पण शेठ खूश असताना मधेच घरचं काढणं बरं दिसत नाही. योग्य वेळ बघून काढणार.

२४ ऑगस्ट, रविवार

घरी सांगितलं की शेठ विचार करताहेत. हे खोटं नाही. शेठ सतत विचार करतात.

गायत्रीने ऐकून घेतलं. नंतर विचारलं, पुस्तक कोन कापं? मी म्हटलं, ते प्रोग्रामने. ती म्हणाली, प्रोग्रामले कोन सांगं?

बाजूच्या गल्लीत कुत्री भुंकत होती. दार लावून घेतलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गायत्री आणि भागीरथीबाई ऑफिसात आल्या. मला न सांगता. नव्या साड्या नेसून, कपाळाला कुंकू मोठं. पिशवीत कणसांच्या बॉर्डरचे छोटे तुकडे, नमुने म्हणून.

फोटोच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. सगळं ऐकू येत होतं. गायत्री म्हणाली, शेठ, तुम्ही शब्द दिला होता, पुस्तकातली बॉर्डर चालली तर काम आम्हाला. शेठ गोड आवाजात म्हणाले, बहेन, बॉर्डर चोपडीमां छे ज नहीं. पुस्तकात बॉर्डरच नाही. मग कुठल्या बॉर्डरचं काम?

ती म्हणाली, साडीला तर होती. आमच्या हेमराजना विचारा. ते इथेच आहेत. ते सांगतील, होती का नव्हती.

त्या वेळी मी एका फार बारीक कामात होतो. मॉनिटर कालच बसवलाय, त्याच्या रंगाचं सेटिंग चालू होतं. ते अर्धवट सोडता येत नाही. राखीने माझ्याकडे बघितलं. मी सेटिंग करत राहिलो. मग राखी उठली, बाहेर गेली आणि सांगून आली की होती बॉर्डर, मी डोळ्यांनी बघितली, कणसांची. शेठ म्हणाले, तू तुझं काम कर.

दोघी गेल्या. जाताना गायत्री दारापाशी थांबली असावी, कारण पैंजणांचा आवाज तिथे थांबला. मी वळलो नाही. सेटिंग.

मॉनिटर खरंच मोठा आहे. फोटो उघडला तर सगळा मावतो. खालपर्यंत दिसतं. पट्टीच्या खाली काहीही गेलेलं नव्हतं. गुडघ्यापाशी संपतो आणि मग काळं.

३१ ऑगस्ट, रविवार

घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. आई जेवी ले म्हणते तेवढं. मीही फार बोललो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

भागीरथीबाईचा पोरगा परत रात्रपाळीला लागला.

मला वाईट वाटतंय. खरं तर फार वाटतंय. काल मार्केटच्या जिन्यावर मशीनच्या लेसचे गठ्ठे चढवत होते, माझ्या अंगावरून गेले, आणि मला जिन्यातच बसावंसं वाटलं. पण बसलो नाही, मागून लोक येत होते.

संकल्प: सगळं सावरून द्यायचं. कसं ते दोन दिवसांत सुचेल. माझं डोकं दबावाखाली चांगलं चालतं.

३ सप्टेंबर, बुधवार

सुचलं! गायत्रीलाच सुचलं, पण मी पूर्ण पाठिंबा दिला.

रिंग रोडच्या मार्केटात दुसरे एक शेठ आहेत, हातकामाच्या साड्यांचेच करतात. भागीरथीबाईच्या कुणीतरी ओळखीचे. ते म्हणाले, काम दाखवा, पूर्ण साडीवरची बॉर्डर कशी पडते ते बघायचंय, तुकडे नको. पूर्ण साडी तर कलकत्त्याला. पण फोटो आहे! गल्लीतल्या बायका साडी धरून उभ्या आहेत तो. बॉर्डर खाली लोंबत होती, टोकापासून टोकापर्यंत. माझाच अँगल.

गायत्री आज माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, तो फोटू मोठा करीसन छापी द्या. रविवारी दाखवायचाय. मी म्हटलं, मोठा काय, बॅनर करतो. नव्या मॉनिटरवर बसून स्वतः करतो.

तिने चहा केला माझ्यासाठी. वेलची घातली होती.

४ सप्टेंबर, गुरुवार

फोटो उघडला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

काल पुढे काही लिहिलं नाही.

नव्या मॉनिटरवर फोटो पूर्ण मावतो. वर पत्रे, वायरी, आणि लुंगीचा एक कोपरासुद्धा राहिलाय. डीपीच्या गोलात तो दिसत नव्हता. खाली बायका. सगळ्यांचे चेहरे हसरे. भागीरथीबाईने तर दातसुद्धा दाखवलेत. सगळ्यांचे हात पुढे, काहीतरी जपून धरल्यासारखे. कोपराच्या थोडं खाली फोटो संपतो.

फोनमध्ये शोधला. डिलीट केलेल्यांची पेटी असते, तीही आपोआप रिकामी होते, मुदत संपली की. राखीला विचारलं. तिने बराच वेळ बघितलं, दोनतीन प्रोग्राम चालवून बघितले. मग म्हणाली, कापलेलं परत येत नाही, हेमराजभाई. मराठीत म्हणाली. नेहमी माझ्याशी गुजरातीत बोलते.

घरी सांगायचं आहे. शनिवारी सांगेन. शनिवारी सुट्टीच्या आदल्या दिवशी मन मोकळं असतं.

७ सप्टेंबर, रविवार

काल सांगितलं नाही. आज सकाळी गायत्रीने स्वतःच विचारलं, तयार होऊन, पिशवी हातात घेऊन. मी प्रिंट दिली. छापून आणली होती, मोठ्या साइजमध्ये, चांगल्या कागदावर. का आणली ते माहीत नाही. रिकाम्या हाताने सांगवेना.

तिने बघितली. भागीरथीबाईला दिली. तिनेही बघितली. मग आईने मागून घेतली. आईने बोटाने एकेकीचा चेहरा ओळखला, नावं घेतली, आणि शेवटी विचारलं, या सगळ्या काय धरीसन उभ्या शेतस?



मला वाटलं आता गायत्री ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवी खाली ठेवली, पेटी उघडली आणि तळातून तिची लग्नातली साडी काढली. अबोली रंगाची, कानबाईला सुद्धा नेसत नाही ती. ओट्यावर अंथरली. भागीरथीबाई एका टोकाला बसली. गायत्रीने खालच्या कडेला हात ठेवला, चार बोटं वर मोजली, खडूने रेघ मारली, आणि सुई ओवली. दुपारपर्यंत पहिलं कणीस झालं. गल्लीतल्या बाकीच्या जणी एकेक करून येऊन बसल्या. रिंग रोडच्या शेठला फोन गेला की आठ दिवस थांबा.

मी खूप वेळ उंबऱ्यात उभा होतो. म्हटलं, झाली की मला सांगा. फोटो मी काढेन. कापणार नाही, आहे तसा ठेवेन. कॉपीसुद्धा ठेवेन.

गायत्रीने मान वर केली नाही. दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, फोटू नको. आम्ही साडीच लई जासूत.

मग मला जरा सरकायला सांगितलं. माझी सावली कामावर पडत होती.